घैसासांचं मीठ, पोंक्ष्यांचं रक्त

वेळणेश्वरच्या परशुरामभाऊ घैसासांना कुणी जेवायला बोलावलं, की त्या घरची बाई आधी मिठाचं भांडं भरून ठेवायची. भाऊ पानावर बसले रे बसले, की पहिला घास घ्यायच्या आधीच त्यांचा हात पुढे. "जरा मीठ बघू." आमटी चाखलेली नसे, भाजीला बोट लागलेलं नसे, पण मीठ कमी पडलंय याबद्दल त्यांची बालंबाल खात्री. ताकात मीठ, दहीभातात मीठ, कलिंगडावर मीठ, फणसाच्या गऱ्यावर मीठ. गुहागरच्या एका लग्नात त्यांनी श्रीखंडाच्या शेजारी मीठ वाढून घेतलं, तेव्हा वाढपी बिचारा पातेलं हातात धरून तसाच उभा राहिला.

यावर कुणी काही बोललं, की भाऊंचं उत्तर तयार असायचं. "घैसासांना मीठ बाधत नाही. आमचे आप्पा जेवण झालं की तळहातावर खडेमीठ घेऊन चाटायचे, तुम्ही बडीशेप खाता तसे. त्र्याण्णव वर्षं जगले. शेवटपर्यंत बागेतल्या गड्यांना नावानिशी शिव्या देत होते. खाण तशी माती." आणि हे सांगताना ते स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे.

आता यातली गंमत अशी, की भाऊ घैसास नव्हेत. म्हणजे आहेत, चांगले सातबाऱ्यावर आहेत, श्राद्धपक्ष घैसासांचाच करतात. पण जन्माचे ते दाभोळचे पोंक्षे. आप्पांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको मथुराबाई ही पोंक्ष्यांकडची. तिनं आपल्या भावाचा धाकटा मुलगा सात वर्षांचा असताना दत्तक आणला. आत्याची आई झाली, पोंक्ष्याचा घैसास झाला, गावानं दत्तविधानाचं जेवण हादडलं आणि विषय संपला. गावापुरता संपला. भाऊंच्या पोटात तो पन्नास-पंचावन्न वर्षं तसाच बसून होता.

त्याचं कारण एक पितळेची वाटी. दत्तक आल्यावर पहिली दोनतीन वर्षं छोट्या परशुरामाची आमटी वेगळ्या वाटीतून यायची. मथुराबाई चुलीवरच्या पातेल्यात मीठ घालायच्या आधीच थोडी आमटी बाजूला काढून ठेवायच्या. आप्पांना पातेल्यातली, गड्यांना पातेल्यातली, आल्यागेल्याला पातेल्यातली, आणि याला वाटीतली अळणी. पोरानं पोराच्या अकलेनं हिशेब मांडला, की आपण बाहेरचे, म्हणून आपलं वेगळं. मुंज झाली त्या दिवशी तो सरळ आप्पांच्या पाटाशी गेला, त्यांच्या तळहातावरचं मीठ चिमटीनं उचललं आणि तोंडात टाकलं. आप्पा खूश. म्हणाले, "शाब्बास. आता घैसास झालास." मथुराबाईंनी वाटी उचलली आणि आत नेली.

तेव्हापासून भाऊ मिठाला जे जागले, ते जागलेच.

घैसासांच्या दोन्ही घरांत मिळून आणखी एक रीत आहे, ती पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नाही. चैत्रात कैऱ्या उतरवल्या, की एक कमरेएवढी चिनी मातीची बरणी भरून खारातल्या कैऱ्या घालतात. कैऱ्या बायकांनी धुवायच्या, पुसायच्या, रचायच्या. पण मीठ घालायचं ते घराण्यातल्या पुरुषानं, उघड्या हातानं, अंदाजानं. मग त्यानंच खाराची चव घ्यायची आणि "जमलं" म्हणायचं. त्यानं "जमलं" म्हटल्याशिवाय बरणीच्या तोंडाला फडकं बांधत नाहीत. आप्पांनंतर हा मान त्यांच्या पुतण्याकडे, कुंपणापलीकडच्या नानांकडे गेला. नाना आता ऐंशीचे. हात कापायला लागला होता. यंदा शिमग्याला ते भाऊंच्या ओटीवर येऊन म्हणाले, "परशुराम, यंदा मीठ तू घाल."

भाऊ नुसतं "बरं" म्हणाले आणि मागच्या पडवीत जाऊन नारळ सोलायला लागले. घरात सोललेले नारळ ढीगभर होते. पद्मजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते बघितलं आणि काही विचारलं नाही. नवरा आनंदात असला की विनाकारण नारळ सोलतो, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात भाऊंचं डोकं ठणकायला लागलं. सकाळी उठले की कानशिलं जड. संध्याकाळी चपला पायात जाईनात. पद्मजाबाईंनी त्यांना स्कूटरवर बसवून, म्हणजे स्कूटर चालवायला लावून, गुहागरला डॉक्टर विनीतकडे नेलं. हा डॉक्टर नवा, घाटावरून आलेला, गावातल्या कुणाची खाण कुठली आणि माती कुठली हे त्याला काय माहीत. त्यानं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार."

"मशीन बिघडलंय," भाऊ म्हणाले.

डॉक्टरनं दुसरं मशीन आणलं. तेही बिघडलेलं निघालं, पार एकशे ऐंशीपर्यंत.

"घरात कुणाला ब्लडप्रेशर? वडिलांना?"

"वडील त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. रोज मीठ चाटून. सुपारी कातरावी तसा कटकट आवाज यायचा."

"आजोबा, काका?"

"सगळे नव्वदीच्या आसपास. चुलतभाऊ ऐंशीचा आहे, अजून माडाखाली उभा राहून पाडेकऱ्याला अक्कल शिकवतो."

पद्मजाबाई शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. डॉक्टर विचारात पडला. घराणं असं ठणठणीत आणि या माणसाचं प्रेशर असं, म्हणजे दुसरं काहीतरी कारण असणार. त्यानं गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि तपासण्यांसाठी चिपळूणला पाठवलं. चिपळूणला भाऊंची मूत्रपिंडं बघितली, त्यांच्या रक्तवाहिन्या बघितल्या, एका बाटलीत दिवसभराची लघवी जमवून घेतली. सगळं स्वच्छ निघालं. भाऊ रिपोर्टाचा गठ्ठा काखेत मारून परत आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. गोळी खिडकीत ठेवली आणि मीठ ताटात.

एवढ्यावर थांबले असते तर ते परशुरामभाऊ कसले. डॉक्टरचं मशीन खोटं ठरवायला त्यांनी स्वतःचं मशीन आणलं आणि ओटीवर मांडून बसले. रस्त्यानं जाईल त्याला हाक. पोस्टमन, देवळातला गुरव, मासेवाली तुळसा, सगळ्यांचे दंड बांधून झाले. तुळसा म्हणाली, "भाऊ, माझी टोपली उन्हात आहे, मासळी नासली तर तुमच्या दारात ओतीन." पण तिचेही आकडे चांगले आले. नाना आले, वर खारवलेली मिरची चघळत आले. एकशे अठरा, शहात्तर. शेवटी भाऊंनी स्वतःचा दंड बांधला. एकशे ब्याऐंशी. बागेतला गडी महिपत पायरीवर बसून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, मशीन बरी हाय. तुमचाच कायतरी बिघाडलाय."

भाऊंनी मशीन खोक्यात घातलं आणि दोन दिवस महिपतशी बोलले नाहीत.

पद्मजाबाईंनी मात्र नानांचा आकडा डोक्यात ठेवला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरच्या कानावर घातला. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला.

"एकच विहीर, एकच बाग, एकच मीठ, आणि त्यांना काही नाही? मग नीट ऐका. मीठ सगळ्यांना सारखं लागत नाही. भाताची दोन खाचरं घ्या. एकाची मोरी मोठी, पाणी आलं तसं निघून जातं. दुसऱ्याची लहान, पाणी तुंबतं आणि बांधावर जोर येतो. काहींची मूत्रपिंडं मीठ झटकन बाहेर टाकतात. काहींची धरून ठेवतात, मिठामागे पाणीही राहतं आणि प्रेशर चढतं. मूत्रपिंड दिसायला चांगलंच असतं, रिपोर्टात काही येत नाही. मोरी केवढी, हे बरंचसं जन्मतःच ठरतं. एका जनुकाचं ते काम नव्हे, अनेक मिळून थोडंथोडं करतात, आणि ती येतात आईवडिलांकडून. वय आणि खाणंपिणं यांचाही वाटा असतोच. नानांनीसुद्धा कमी खाल्लेलं बरं. पण तुमचं कोडं मला सुटत नाही. तुमची खाण तर मोठ्या मोरीची दिसते."

"तेच म्हणतोय मी," भाऊ म्हणाले.

पद्मजाबाईंनी तिथे तोंड उघडलं नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. पण स्कूटर मोडकाआगर ओलांडून गेली आणि रस्त्यावर कुणी दिसेनासं झालं, तेव्हा नेम संपला.

"थांबवा गाडी. डॉक्टरला खोटं का सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? आप्पा माझे वडील नव्हेत?"

"वडील आहेत. शंभर वेळा आहेत. पण होमात गोत्र बदललं म्हणून मूत्रपिंडं बदलत नाहीत. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. तुम्ही भलताच बाप दाखवून स्वतःच्या श्राद्धाची तयारी चालवली आहे."

"डॉक्टरला सांगितलं की गावभर होईल."

"गावभर? अहो, दत्तविधानाचं जेवण गावानंच जेवलंय. फक्त तुम्हीच विसरून बसलात."

भाऊंनी हँडलवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. मग समोरच्या काजूकडे बघत म्हणाले, "मी दाभोळचा, असं मीच म्हटलं, तर बरणीत हात कुठल्या तोंडानं घालू? पन्नास वर्षं वाट बघितली पद्मजा. मीठ बाधतं असा घैसास कुणी बघितलाय? ते म्हणतील, बघा, शेवटी परकाच."

पद्मजाबाईंचा राग तिथेच ओसरला. एवढा थोरला माणूस, बागेत पन्नास कलमं स्वतः लावलेला, आणि एका बरणीसाठी जीव धोक्यात घालतोय, याचं त्यांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. "चला," एवढंच म्हणाल्या. पण घरी गेल्यावर त्यांनी दाभोळला फोन लावला.

चार दिवसांनी दोघं धोपाव्याच्या फेरीबोटीत होती. "किती वर्षं झाली, शिवूदादांना भेटून येऊ," असं पद्मजाबाईंनी सांगितलं होतं. शिवराम पोंक्षे हा भाऊंचा सख्खा थोरला भाऊ. लग्नकार्यात भेटी व्हायच्या, पण भाऊ दाभोळला मुक्काम कधी करायचे नाहीत. तिथे राहिलं की आपण तिथलेच आहोत असं वाटायला लागेल, याची त्यांना भीती वाटायची.

जेवायला पानं मांडली. भाऊ बसले, सवयीनं डावीकडे बघितलं. कुठल्याही पानात मीठ पहिलं वाढतात. इथे लिंबू होतं, चटणी होती, मीठ नव्हतं. वाढणारी सून विसरली असेल म्हणून ते थांबले. आमटी आली, भात आला. मीठ नाही. भाऊंनी घास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"शिवूदादा, मीठ राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. आमच्याकडे पानात मीठ वाढत नाहीत," शिवराम म्हणाला. "आणि तूही मागू नको. पद्मजानं सगळं सांगितलंय मला फोनवर."

"काय सांगितलंय? मला काही झालेलं नाही. घैसासांना मीठ..."

"अरे, कान बघ स्वतःचे. आरसा देऊ?"

भाऊंना राग आला की कान लाल व्हायचे, आधी डावा, मग उजवा. त्यांनी शिवरामकडे बघितलं. शिवरामचा डावा कान लाल झाला होता आणि उजवा व्हायला लागला होता. पद्मजाबाईंनी तोंडाला पदर लावला. वाढणारी सून पातेलं घेऊन आत पळाली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

शिवराम स्वतःही हसला, मग सांगायला लागला. "आपले आजोबा चाळिशीत गेले, अंगावरून वारं जाऊन. मधले काका तसेच. तेव्हा प्रेशरबिशर कुणाला ठाऊक होतं? पण आजीनं बघितलं, की खारवलेलं खाल्लं की या घरातल्या माणसांचे पाय सुजतात, डोकं धरतं, कान तापतात. तिनं पानातलं मीठ बंद केलं ते केलंच. मी गोळी घेतो, अळणी खातो, सत्तरीला टेकलोय. तुला दत्तक दिलं ना, तेव्हा मी दारातच उभा होतो. आईनं आत्याला एकच गोष्ट सांगितली. म्हणाली, पोराला मीठ बेतानं घाल हो वन्सं, हा आपल्या कुळीवर गेलाय. तर आत्या काय म्हणाली माहिती आहे? म्हणाली, मला काय सांगतेस, मी तरी कुठल्या कुळीची? मीठ घालायच्या आधी माझं आणि त्याचं एकदमच काढून ठेवीन."

भाऊंचा हात पानात तसाच राहिला.

माझं आणि त्याचं. वाटी एक नव्हती. चुलीमागे दुसरीही असणार. मथुराबाई सगळ्यांच्या मागून जेवायच्या, एकट्या, स्वयंपाकघरात, त्यामुळे ती कुणी बघितली नव्हती. भाऊंनी जन्मभर धरून ठेवलं होतं, की त्या घरात माझं रक्ताचं कुणी नाही. आणि ती रोज समोर बसून वाढत होती, त्यांच्याच रक्ताची, त्यांच्याच कुळीची, त्यांच्यासारखेच कान लाल होणारी. मुंजीच्या दिवशी वाटी आत नेताना तिला काय वाटलं असेल, हे आता विचारायला ती नव्हती. साठीही न गाठता गेली होती, एका सकाळी, उठलीच नाही.

परतीच्या फेरीबोटीत भाऊ कठड्याशी उभे राहून रडले. लहान मूल रडतं तसे, आवाज करून. पद्मजाबाईंनी अंजनवेलच्या दिशेला बोट दाखवून शेजारच्या बाईला उगाच गोपाळगडाची माहिती सांगायला सुरुवात केली, ती बाई अंजनवेलचीच होती तरी.

दुसऱ्या दिवशी भाऊ आपणहून डॉक्टर विनीतसमोर बसले. "लिहून घ्या. आप्पा माझे वडील, पण मोरी त्यांची नव्हे. मोरी दाभोळची." सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "काका, हे आधी सांगितलं असतंत तर तुमची चिपळूणची वारी वाचली असती." मग गोळी आणि अळणी दोन्ही सुरू झालं. पहिला आठवडा भाऊ घरात वाघासारखे फिरत होते. पापडाचा डबा माळ्यावर गेला, लोणचं नानांकडे गेलं. पण चपला पायात जायला लागल्या, आणि ओटीवरचं ते 'बिघडलेलं' मशीन एकशे छत्तीस दाखवायला लागलं.

बरणीचा दिवस उजाडला. दोन्ही घरची माणसं मागच्या अंगणात जमली. कैऱ्या रचून झाल्या होत्या. मिठाची परात भाऊंसमोर आली. त्यांनी अस्तनी वर केली, मूठ भरली, थर दिला, पुन्हा मूठ, पुन्हा थर. हात अजिबात चुकला नाही. वरून पाणी ओतलं, ढवळलं. नानांनी पळी पुढे केली. "घे चव."

भाऊंनी पळी घेतली नाही. त्यांचा डावा कान लाल झाला.

"नाना, चव तुम्ही घ्या. मला मीठ बाधतं. मी दाभोळचा आहे, पोंक्ष्यांच्या रक्ताचा. घैसासांसारखं मला पचत नाही." आणि मान खाली घालून उभे राहिले.

नानांनी त्यांच्याकडे आपादमस्तक बघितलं. "ही काय नवी बातमी? तुझ्या दत्तविधानाच्या होमात तूप मी ओतलंय. धूर माझ्या डोळ्यात गेला होता, अजून आठवतं." त्यांनी पळी तोंडाला लावली, डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. "जमलं. आप्पांच्या हाताचं वाटतं. पुढच्या वर्षीही तूच घाल, चव मी घेईन. आणि मी नसलो तर महिपत घेईल, तो नाहीतरी सगळ्यांच्या आधी चोरून घेतोच." महिपत घाईघाईनं फडकं शोधायला गेला.

दुपारी घरी दोघांचीच पानं होती. पद्मजाबाईंनी भाऊंसमोर पितळेची वाटी ठेवली. ती त्यांना माळ्यावर पापडाचा डबा चढवताना सापडली होती. चिंचेनं घासून लख्ख केली होती. आत मीठ न घातलेली आमटी.

भाऊंनी वाटीकडे बघितलं, मग बायकोच्या पानाकडे. तिथेही एक वाटी होती.

"तुझं प्रेशर तर चांगलं आहे. तू का अळणी खातेस?"

"कोण दोनदा काढत बसणार," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमचं आणि माझं एकदमच काढलं."

भाऊंनी भात कालवला आणि घास घेतला. आमटी अगदीच अळणी होती. त्यांनी मीठ मागितलं नाही.